म्हातारी गप्प का झाली?

१

सोमवारी सकाळी बुरुलचा नावाच्या एजेंनी, म्हणजे ताईंनी, कोक-साय गावच्या ध्वनिसंग्रहालयाचे दार उघडले, खिडकी किलकिली केली, चहाचे आधण ठेवले आणि नेहमीच्या सवयीने म्हातारीचे बटण दाबले. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. मग काचेवर एकच ओळ उमटली: आत काहीही नाही.

म्हातारी म्हणजे संग्रहालयातला जुना संगणक. जिल्ह्याने फार वर्षांपूर्वी एका खेपेत जी यंत्रे आणली त्यांतली ही एक. शाळेत आणि दवाखान्यात गेलेल्या तिच्या बहिणी एकेक करून भंगारात निघाल्या होत्या. ही तेवढी टिकली. एजेंनी तिच्यासाठी नमद्याचा अंगरखा शिवला होता. पुढची बटणे आणि मागची पंख्याची फट एवढेच उघडे राही. कोपऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून चामड्याचा तिकोनी ताईत टांगलेला असे.

या म्हातारीच्या पोटात चार खोऱ्यांचे आवाज होते. मेंढपाळांच्या हाका, अंगाईगीते, मयताच्या तंबूत बायकांनी गायलेले विलाप आणि गावातल्या बंद पडलेल्या रेडिओ केंद्राची निवेदने. मूळ फिती तळघरात पाणी शिरले तेव्हा गेल्या. राजधानीहून दुसरी प्रत करायला माणूस येणार, असे कित्येक हिवाळे नुसते ऐकू येत होते.

तंत्रज्ञ अल्तिमिशला बोलावणे गेले. त्याने यंत्राला आपली जोडणी लावली, थोडा वेळ कळफलकावर बोटे चालवली आणि मान हलवली. तो म्हणाला, की कंपनीने या यंत्राची सुरक्षा-अपडेट केव्हाच बंद केली आहेत. कुंपण पडलेल्या मेंढवाड्यात लांडगा शिरावा तशी इंटरनेटच्या तारेवाटे कीड शिरली आणि तिने सगळे खाल्ले. आपण तीनदा लेखी कळवले होते, हेही त्याने आठवणीने सांगितले.

संचालक एसेनतुर यांनी एजेंना आपल्या खोलीत बसवले. अपडेट नसलेले यंत्र काढून टाका, असा वरून आलेला आदेश त्यांच्यापुढे होता, आणि तो न पाळण्याचा हट्ट एजेंचा होता. शुक्रवारी समिती बसेल, निष्काळजीपणाचा ठपका येईल, नोकरी जाईल आणि निवृत्तिवेतनाचेही काही सांगता येणार नाही, असे त्यांनी खालच्या आवाजात सांगितले. मग त्यांनी एजेंचा प्याला चहाने काठोकाठ भरला.

कोक-सायमध्ये पाहुणा हवासा असेल तर प्याला अर्धाच भरतात; काठोकाठ प्याला म्हणजे आता निघा. एजे प्याल्याला हात न लावता उठल्या आणि चिनारांच्या रस्त्याने तडक माम्बेतकुल बायकेंच्या, म्हणजे माम्बेतकुल दादांच्या, घरी गेल्या.

"बायके," त्या दारातच म्हणाल्या, "माझी म्हातारी मेली. आणि तिला मीच मारलं म्हणतात."

२

माम्बेतकुल यांनी तांत्रिक महाविद्यालयात जन्मभर रेडिओ-विद्या शिकवली होती. आता ते घराच्या पडवीत लोकांचे जुने रेडिओ उघडून बसत. कोणतेही यंत्र बिघडले, तर आधी मागचे झाकण काढायचे, मग डोळ्यांनी पाहायचे, मग नाकाने, आणि हात शेवटी लावायचे, हा त्यांनी शिष्यांना घालून दिलेला क्रम होता. स्वतःही त्यांनी तो कधी मोडला नव्हता.

त्यांनी एजेंना अर्धा प्याला दूध-चहा दिला आणि सोमवारी सकाळी काय काय झाले ते पहिल्यापासून सांगायला सांगितले. एजेंनी सांगितले. सांगताना त्या दोनदा थांबल्या. शनिवारी संध्याकाळी म्हातारी चांगली चालत होती. रविवारी संग्रहालय बंद. किल्ल्या तीन होत्या: एक एजेंकडे, एक संचालकांकडे, एक अल्तिमिशकडे.

"यंत्राला हात लावताना काही वेगळं वाटलं?"

एजेंनी डोळे पुसले. "आवाज तोच होता. पंखाही तसाच. पण चहा उकळला तरी खोलीत तिचा वास आला नाही. मेलेल्या माणसाच्या घरासारखी वाटली ती खोली."

माम्बेतकुल यांनी दुःखी माणसाचे बोलणे म्हणून ते ऐकून घेतले. पण सवय अशी, की ऐकलेले ते टाकून देत नसत.

"अपडेट बंद झाल्यावर तार काढून टाकायची होतीस."

"काढू दिली नाही मला. वरच्यांना रोज अहवाल तारेनंच हवा. आणि यंत्र टाकून द्या, असंही तेच सांगतात." एजेंचा स्वर चढला. "कंपनीनं सांभाळायचं सोडलं म्हणून मीही सोडायचं का, बायके? चालती-बोलती होती ती."

 म्हातारीच्या पोटात माम्बेतकुल यांच्या पत्नीचाही आवाज होता. आयतबुबू त्या जुन्या रेडिओ केंद्रावर निवेदिका होत्या. रोज सकाळी दोलोन खिंडीचा रस्ता खुला की बंद, हे सारे खोरे त्यांच्या तोंडून ऐकत असे. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली होती. दर वसंतात माम्बेतकुल संग्रहालयात जाऊन एकदा तो आवाज ऐकत. एजेही तेवढा वेळ काही निमित्त काढून बाहेर जात.

त्यांनी पांढरी टोपी डोक्यावर ठेवली आणि पेचकसांची गुंडाळी खिशात घातली.

"शुक्रवारपर्यंत कोणालाही म्हातारीला हात लावू देऊ नकोस," ते म्हणाले. "दफन करण्याआधी माणूस खरंच मेलाय का, ते पाहतात."

३

एसेनतुर त्यांचा जुना विद्यार्थी. मुगालिमना, म्हणजे आपल्या गुरुजींना, दारात पाहताच संचालक खुर्चीवरून उठले. त्यांच्या बोलण्यात चिडीपेक्षा भीतीच अधिक होती. जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यालयाने नवी यंत्रे घेतली होती. मागे राहिलेले एकटे आपले संग्रहालय, म्हणून बैठकीत त्यांची थट्टा होत असे. म्हातारी गेल्याचे आपल्याला वाईट वाटते आणि सुटल्यासारखेही वाटते, हे त्यांनी लपवले नाही.

"माझ्या वडिलांनी घातलेल्या हाका होत्या आत, मुगालिम. मेंढरं खाली उतरवतानाच्या," ते म्हणाले. "माझं काळीज दगडाचं आहे असं समजू नका."

रविवारी ते सासुरवाडीला मेजवानीस गेले होते. जाताना किल्ली त्यांनी शाळेतल्या संगीतशिक्षिका जांगिल यांच्याकडे दिली होती. हे सांगताना त्यांनी नजर खाली घेतली.

अल्तिमिश बाजारामागच्या आपल्या दुरुस्तीच्या खोलीत भेटला. तरुण, हुशार, वाढला सायबेरियातल्या एका शहरात. गेल्या उन्हाळ्यात आजोळी परतला आणि गावची सगळी यंत्रे त्याच्या हाती आली. शाळेचे भंगारही तोच उचलत असे. खोलीत खोक्यांचे डोंगर होते. त्याने अक्साकालांसाठी, म्हणजे पांढऱ्या दाढीच्या या वडीलधाऱ्यांसाठी, एक खुर्ची रिकामी केली आणि न विचारताच बाजू मांडायला सुरुवात केली.

"सगळे कंपनीला शिव्या देतात. पण मला सांगा, विकलेली वस्तू तिनं किती वर्षं राखायची? दहा? वीस? रोज नवी कीड निघते. प्रत्येक जुन्या यंत्रासाठी माणसं पगारावर ठेवायची, तर नवं यंत्र कोण करणार?"

"आणि घेणाऱ्यानं काय करायचं?"

"नवं घ्यायचं." मग थोडे थांबून तो म्हणाला, "नाहीतर तार काढायची. मी तीनदा सांगितलं. एजेंनी ऐकलं नाही, संचालकांनी ऐकलं नाही. मी झोपेतसुद्धा त्या यंत्राची काळजी करायचो, अक्साकाल. एक दिवस सगळे आवाज जाणार, हे मला दिसत होतं."

माम्बेतकुल यांना ते खोटे वाटले नाही. म्हातारी उघडून पाहिली होती का, असे त्यांनी विचारले. एजे खोक्याला हात लावू देत नसत, म्हणून तो बाहेरूनच जोडणी लावून काम करी, असे उत्तर मिळाले.

ते निघाले तेव्हा अल्तिमिश दारापर्यंत आला. "तुम्ही विजेच्या कामातले जाणकार. एखादं यंत्र तापलं की लाकूड जळाल्यासारखा वास येतो, तो कशानं? आतली गुंडाळी जळते का?"

"गुंडाळी जळली तर रोगणाचा वास येतो, नाकाला झोंबणारा. लाकडाचा नाही."

"बरं झालं," अल्तिमिश म्हणाला, आणि घाईने आत वळला.

गिऱ्हाइकाचे एखादे यंत्र असेल, असे माम्बेतकुल यांना वाटले. त्यांचे लक्ष शाळेकडे लागले होते. रविवारी किल्ली जिच्याकडे होती, ती बाई तिथे मुलांना कोमुझ हे तीन तारांचे वाद्य शिकवत होती.

४

जांगिल यांनी काही लपवले नाही. रविवारी दुपारी त्या संग्रहालयात गेल्या होत्या. त्यांच्या आईने गायलेला विलाप म्हातारीत होता. आईचा स्मृतिदिन तोच असल्याने आठवणीचे बोरसोक, म्हणजे पिठाचे गोळे, तळून झाल्यावर त्या ऐकायला बसल्या. एजेंना सांगितले नाही, कारण एजेंनी सुट्टीचा दिवस सोडून धावत येऊन चहा करत बसू नये, असे त्यांना वाटले.

"मी नीट बंद करून गेले, बायके. आईचं गाणं पूर्ण ऐकलं. तेव्हा सगळं ठीक होतं."

"तार लावलेली होती?"

"मी तारेला हात लावला नाही." त्या घाबरल्या. "माझ्यामुळे तर झालं नाही ना?"

त्यांच्या दोन्ही हातांना खडूची पांढरी पूड लागली होती. फळ्यावर सूर लिहून शिकवण्याची त्यांची जुनी पद्धत. नव्या पांढऱ्या फळ्याला त्यांनी साफ नकार दिला होता, आणि कोक-सायच्या शाळेतली प्रत्येक वस्तू, खुर्चीपासून घड्याळापर्यंत, त्या पुडीने माखलेली असे.

माम्बेतकुल उठत असताना बाई हसल्या, रडवेल्या चेहऱ्यानेच. "नौरुजला, नव्या वर्षाच्या सकाळी, आता धूर कोणाला द्यायचा? मीच दरवर्षी डोंगरातून आर्चाची डहाळी आणायचे. एजे म्हातारीचा अंगरखा धुऊन उन्हात टाकायच्या, बाजूचा पत्रा उघडायच्या आणि तव्यावरचा धूर थेट पंख्यात सोडायच्या. म्हणायच्या, कंपनी अपडेट देत नाही, मग मी देते. एसेनतुर बायके खोकून बेजार व्हायचे. तुम्हीही एकदा शिंकत बाहेर पळाला होता."

माम्बेतकुल हसले आणि रस्त्याला लागले. पुलापर्यंत आले आणि मध्येच थांबले. खाली नदी हिरवट पाण्याने वाहत होती. ते कठड्याला धरून उभे राहिले. घराघरांत नौरुजला पेटवून फिरवतात ती आर्चाची, म्हणजे डोंगरी जुनिपरची, डहाळी, अमंगळ निघून जावे म्हणून. तिचा धूर वर्षानुवर्षे एका यंत्राच्या पोटात गेला होता.

ते संग्रहालयात गेले, एजेंना शेजारी उभे केले, म्हातारीचा अंगरखा उतरवला आणि मळसूत्रे सोडवून पत्रा बाजूला केला. क्रमाप्रमाणे आधी डोळ्यांनी पाहिले.

पंख्याच्या पात्यांवर पांढरी पूड साचली होती. शुभ्र, मऊ, खडूची.

"हे काय?" एजेंनी पात्यावरून बोट फिरवले. "हे शाळेचं काहीतरी आहे. जांगिलनं...?"

माम्बेतकुल यांनी वाकून नाक जवळ नेले. मग ते सावकाश सरळ झाले.

"गुरुवारी सगळ्यांना बोलव," ते म्हणाले. "तुझी म्हातारी मेलेली नाही, बुरुलचा. ही ती नाहीच."

५

गुरुवारी दुपारी संग्रहालयाच्या लांब टेबलाभोवती पाच जण बसले. एजेंनी सर्वांना अर्धा अर्धा चहा दिला. संचालकांचा प्याला भरताना क्षणभर हात थांबला, पण तोही अर्धाच राहिला. उघडलेले खोके मध्ये ठेवले होते.

माम्बेतकुल यांनी वर्गात बोलत तसे बोलायला सुरुवात केली.

पंख्यात खडू आहे, म्हणजे हे यंत्र शाळेत चाललेले. जिल्ह्याच्या त्याच खेपेतली म्हातारीची बहीण. बाहेरून दोघी सारख्याच. अंगरखा चढवला आणि ताईत टांगला की आईलाही ओळखू येणार नाही. कोणीतरी रविवारी संध्याकाळी बहीण आणून ठेवली आणि म्हातारीला उचलून नेले. म्हणजे लांडगा आला नव्हता. मेंढी चोरीला गेली होती.

"खडू म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघणार," जांगिल म्हणाल्या. त्यांचा हात गळ्यातल्या रुमालाला घट्ट बिलगला होता.

"बघू देत. पण जरा विचार करा. म्हातारी तापली की खोलीत आर्चाचा वास दरवळतो. त्या धुराची राळ पात्यांवर, पत्र्यांवर बसलेली आहे, पिवळी, चिकट. हे ज्याला ठाऊक आहे, तो दुसरे यंत्र ठेवून एजेंना फसवता येईल असे मानणार नाही. जांगिल तर डहाळी स्वतः आणते. एसेनतुर दरवर्षी खोकतो. एजेंचे तर बोलायलाच नको. सोमवारी त्यांनी वास आला नाही म्हणून सांगितले, आणि मी मूर्खासारखा ते रडणे समजलो."

त्यांनी चहाचा घोट घेतला.

"ज्याने ही अदलाबदल केली, त्याला म्हातारीचे बाहेरचे सगळे ठाऊक होते. पोटातला धूर ठाऊक नव्हता. म्हणजे त्याने कोक-सायचा नौरुज अजून पाहिलेला नाही." माम्बेतकुल यांनी मान वळवली नाही, प्याल्याकडेच पाहत राहिले. "शाळेचे भंगार त्याच्याकडे होते. किल्ली त्याच्याकडे होती. आणि म्हातारी आपल्या खोलीत चालू केल्यावर लाकूड जळाल्यासारखा वास आला, म्हणून घाबरून त्याने मलाच विचारले, गुंडाळी तर जळत नाही ना."

अल्तिमिशचा चेहरा पडला. सर्वांच्या नजरा त्याच्यावर आल्या तेव्हा त्याने नाकारण्याचा प्रयत्नही केला नाही.

"मी मारली नाही तिला," तो म्हणाला. "वाचवली. तार कोणीच काढत नव्हतं. वाटलं, ही मेली असं सगळ्यांना वाटलं तर नवी येईल, कोणी अडवणार नाही. मग मी आवाज नव्या यंत्रात घालून आणीन. मेलेल्या डिस्कमधून काढले, असं सांगीन." त्याने ओठ चावला. "गावात मला अजून रशियावाला पोरगा म्हणतात. एकदा तरी नाव निघालं असतं. पण ती चालू केली की वास यायचा. जळेल म्हणून मी लगेच बंद करायचो. एकही आवाज काढता आला नाही."

"आणि शुक्रवारी मला काढलं असतं, तेव्हा?" एजेंनी विचारले.

"मला वाटलं नव्हतं असं होईल. झाल्यावर बोलायचं धैर्य राहिलं नाही, एजे."

"तू आवाज वाचवलेस," माम्बेतकुल म्हणाले, "आणि ज्या बाईनं ते आजवर जपले, तिला बुडवलंस. एवढंच मी म्हणेन. बाकी काय करायचं ते तिचं तिनं ठरवावं."

 एजेंनी अल्तिमिशचा प्याला ओढला आणि अर्धा भरला.

"जा, तिला घेऊन ये," त्या म्हणाल्या. "नीट धर. वय झालंय तिचं."

६

म्हातारी परत आली. संचालकांनी समितीच्या कागदावरून एजेंचे नाव स्वतःच्या हाताने खोडले आणि तार स्वतःच्या हाताने काढली. अहवाल नव्या यंत्रावरून जाईल, म्हातारी तारेवाचून कोपऱ्यात राहील आणि तिच्यातला प्रत्येक आवाज अल्तिमिश एजेंच्या देखत उतरवून घेईल, असे ठरले. त्याला अदलाबदलीचा जबाब मात्र लिहून द्यावा लागला, आणि तो सूचनाफलकावर सर्वांना दिसेल असा लागला.

अंगरखा चढवताना अल्तिमिशने हळूच विचारले, "त्या दिवशीचं उत्तर राहिलं, अक्साकाल. कंपनीनं किती वर्षं सांभाळायचं?"

माम्बेतकुल यांनी पेचकसांची गुंडाळी बांधता बांधता विचार केला.

"आम्ही शिकायचो तेव्हा प्रत्येक रेडिओसोबत त्याचा नकाशा यायचा. कोणती तार कुठे जाते, कोणता भाग कशाचा. ते कारखाने गेले, तो देशही गेला. तरी माझ्या पडवीत ते रेडिओ बोलतात, कारण बनवणाऱ्याने जाताना किल्ली सोबत नेली नाही. वर्षं मी मोजत नाही. लोक वापरतात तोवर सांभाळावं. ते झेपत नसेल तर नकाशा द्यावा आणि म्हणावं, आता तुम्ही सांभाळा. हे दोन्ही न करता दार लावून घेणं, आणि वर घरात राहणाऱ्यालाच निष्काळजी म्हणणं, हे मला पटत नाही."

म्हातारीसोबत अल्तिमिशने नवे यंत्रही आणले होते. त्याच्या खोक्यावर पाच वर्षांच्या अपडेटचे आश्वासन छापलेले होते. एजेंनी ते वाचले.

"आणि नंतर?"

अल्तिमिशने खिडकीतल्या वाळलेल्या डहाळीकडे पाहिले. "नौरुजला मला बोलवा," तो म्हणाला. "पण तवा पंख्याच्या फार जवळ नको."

म्हातारी तापली. हळूहळू, एखादे जुने कपाट उघडावे तसा, आर्चाचा वास खोलीभर झाला. एजेंना कसले तरी निमित्त आठवले आणि त्या उठू लागल्या; माम्बेतकुल यांनी हातानेच त्यांना बसवले. त्या दिवशी कोणी बाहेर गेले नाही.

थोडी खरखर झाली आणि मग आयतबुबूंचा आवाज आला, तरुण, स्वच्छ, थोडा थट्टेखोर. दोलोन खिंड आज खुली आहे. वरच्या वळणांवर धुके आहे. निघालेल्यांनी घाई करू नये, घरी चहा तयार आहे.

आवाज थांबला. फितीची खरखर तेवढी उरली. अल्तिमिशने ती बंद करायला हात पुढे केला.

"थांब," माम्बेतकुल म्हणाले. "तिचं अजून झालेलं नाही."

सगळे ऐकत राहिले. खरखरीच्या मागे, अगदी हलकेच, निवेदनाच्या कागदाची घडी घातल्याचा आवाज आला, आणि खुर्ची मागे सरकल्याचा.